तळघरातली रेंज

ज्या माणसानं पंचवीस वर्षं लोकांच्या मोबाइलला रेंज मिळते की नाही हे मोजण्यात घालवली, त्याला स्वतःच्या घरात फोनवर बोलायचं तर न्हाणीघराच्या खिडकीशी जाऊन उभं राहावं लागे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

कंपनीत आणि शेजारीपाजारी सगळे त्याला रेंजवाला म्हणत. गाडीच्या टपावर अँटेना, मांडीवर लॅपटॉप, शेजारी गाडी चालवायला कुणीतरी एक, आणि रस्ता नेईल तिकडे जायचं. वाटेत यंत्र आपोआप आकडे टिपत राही. हे आकडे सगळे उणे. उणे सत्तर म्हणजे खणखणीत रेंज, उणे शंभर म्हणजे धापा टाकणारी, आणि उणे एकशे दहाच्या पलीकडे गेलं की फोन चेहरा बघण्यापुरता. परत आल्यावर या आकड्यांचा रंगीत नकाशा तयार होई. हिरवं तिथे बोला, पिवळं तिथे ओरडा, तांबडं तिथे पत्र लिहा, असं तो नव्या पोरांना शिकवायचा. आणि पुढे हेही सांगायचा की नकाशा ही त्या दिवसाची गोष्ट असते. उद्या कुणी खांब उभा केला की नकाशा खोटा.

महिन्यातले वीस दिवस तो बाहेर. बायकोनं त्याचं कधी रडगाणं गायलं नाही, पण टोमणे मारायची संधीही सोडली नाही. "जगाला जोडताय, आणि घरचा फोन उचलायला तीन तास," हे तिचं ठरलेलं वाक्य होतं.

तिला वाचायचा नाद होता, नाद कसला, व्यसनच. घरात पुस्तकं ठेवायला जागा उरली नाही तेव्हा त्यानं तिला पुस्तकं वाचायचं यंत्र घेऊन द्यायचं ठरवलं. दुकानदारानं दोन नमुने काढून ठेवले. एक नुसतं वायफायवर चालणारं. दुसऱ्यात वायफाय होतंच, शिवाय आत मोबाइलचं नेटवर्कही, वेगळं कार्ड नको की काही नको. रेंज असेल तिथे आपोआप जोडलं जाणारं. दुसरं बरंच महाग होतं.

"घरात वायफाय आहे ना? मग हे कशाला?" बायको म्हणाली.

"म्हणजे? तू घराबाहेर पडणारच नाहीस?"

"तुम्ही पडता की माझ्या वाटचं."

त्यानं ऐकलं नाही. खोक्यावर कुठे कुठे रेंज मिळेल याचा छोटा नकाशा छापला होता. तो त्यानं दुकानदारापुढे धरला आणि म्हणाला, "हा मीच केलाय. यावर फार विसंबू नका." मग यंत्र हातात धरून त्यानं दुकानाच्या चारही कोपऱ्यांत जाऊन पट्ट्या मोजल्या. बायको लाजून दाराबाहेर जाऊन उभी राहिली. शेवटी महागातलंच घेतलं.

दोघांचं खातं एकच ठेवलं. ती यंत्रावर वाचायची आणि तो दौऱ्यावर, लॉजच्या खोलीत, फोनवर तेच पुस्तक वाचायचा. तिचा वेग आगगाडीचा, याचा बैलगाडीचा. पुस्तक उघडलं की त्याच्या फोनवर एक चौकट उमटायची: दुसऱ्या यंत्रावर पान एकशे चौतीसपर्यंत वाचलं आहे, तिथे जायचं का? तो 'नको' दाबायचा आणि आपल्या साठाव्या पानावर वाचत बसायचा. पण त्या चौकटीतून त्याला पुष्कळ कळायचं. आज तीस पानं झाली म्हणजे दुपार निवांत गेली. आज चारच, म्हणजे कुणीतरी पाहुणे टपकले. बारा वाजेपर्यंत एकही नाही, म्हणजे बाईसाहेबांचं डोकं दुखतंय. संध्याकाळी फोन केला की तो आधीच विचारायचा, "कोण आलं होतं आज?" ती म्हणायची, "पाळत ठेवता होय माझ्यावर?" आणि आवाजावरून कळायचं की तिला ते आवडतंय.

गेल्या वर्षी तो डोंगरापलीकडच्या लांबच्या दौऱ्यावर असताना तिच्या फुप्फुसात पाणी झालं. तिला दवाखान्यात ठेवावं लागलं. चार दिवसांत सोडतील, असं डॉक्टर म्हणाले. फाटकाशी बसून तिनं स्वतःच त्याला फोन केला. "उगीच धावत येऊ नका. याल आणि इथल्या भिंतींची रेंज मोजत बसाल. काम पुरं करून या." दोघंही हसली. त्यांचं ते शेवटचं बोलणं.

त्या संध्याकाळी चौकटीत पान दोनशे बारा दिसलं. आदल्या दिवशी दोनशे नऊ होतं.

दुसऱ्या दिवशी दोनशे बारा. तिसऱ्या दिवशी दोनशे बारा. चौथ्या दिवशीही तेच.

रोज संध्याकाळी लेक दवाखान्यातून घरी आली की फोन करायची. चष्म्याच्या दुकानात ती लोकांचे डोळे तपासते. शांत, नेमकं बोलणारी मुलगी. "आई ठीक आहे, बाबा. अजून दोनतीन दिवस ठेवतील. वॉर्डात फोन चालत नाही ना, म्हणून तिच्याशी बोलता येणार नाही."

"वाचतेय का?"

"हो. वाचतेय."

फोन ठेवला की तो पुस्तक उघडायचा. दोनशे बारा. हे वाचताना तुमच्या डोक्यात जे आलं, ते त्याच्या डोक्यात आलं नसेल असं समजू नका. आलं होतं, आणि तेही पहिल्याच दिवशी. पण त्यानं लॉजच्या पलंगावर लॅपटॉप उघडला आणि जुना नकाशा काढला. दोन वर्षांपूर्वी हा दवाखाना त्यानंच मोजला होता. ती होती तो वॉर्ड तळघरात, जाड भिंतींच्या पोटात. नकाशावर तो भाग तांबडा होता, तांबडा म्हणजे रक्तासारखा. रेंजच नाही तर पान पोचणार कसं? दवाखान्याच्या वायफायला आधी परवलीचा शब्द टाकावा लागे, आणि तो शब्द टाकायची जागा तिच्या यंत्रावर उघडायचीच नाही. सगळं चोख जुळत होतं. मग दोनशे नऊवरून दोनशे बारा कसं झालं? ती तीन पानं तिनं फाटकाशी बसून वाचली असतील, वर रेंज आहे. झालं. त्यानं लॅपटॉप मिटला आणि दुसऱ्या दिवशीचा रस्ता आखायला घेतला.

असे अकरा दिवस गेले. अकरा दिवसांत त्या बाईनं दोन पुस्तकं फस्त केली असती. बाराव्या दिवशी सकाळी लेकीचा फोन आला, "बाबा, या." सात तास गाडी हाकून तो पोचला तेव्हा सगळं संपून गेलं होतं. बायको तासाभरापूर्वी गेली होती. उशाशी यंत्र होतं.

पहिले काही दिवस माणसांच्या वर्दळीत गेले. घर रिकामं झालं तेव्हा एका सकाळी चहा पिता पिता तो लेकीला म्हणाला, "तू रोज म्हणायचीस, वाचतेय. खरं सांगितलं असतंस तर मी निघालो असतो."

आवाज चढवला नव्हता, रागही नव्हता. सहज बोलावं तसं बोलून गेला आणि कप विसळायला उठला. काही माणसं कुऱ्हाड घालतात आणि आपण नुसता हात हलवला असं त्यांना वाटतं.

त्या दिवसापासून पोरगी बदलली. तिनं खोटं बोलणंच सोडून दिलं, अगदी बारीकसारीक सुद्धा. भाजी खारट झाली की ताट वाढतानाच सांगायची, "खारट झालीय." दारावर कुणी आलं आणि यानं आतून 'नाही म्हणून सांग' अशी खूण केली, तर ती सरळ म्हणायची, "आहेत, पण भेटायचं नाही म्हणतात." त्याचा रक्तदाब वाढला तर आकडा जसाच्या तसा सांगायची, वर डॉक्टर काय पुटपुटले तेही. दुकानात गिऱ्हाइकासमोर अक्षरांचा तक्ता धरून 'वाचा' म्हणताना तिचा आवाज अडकायचा, म्हणून मालकानं तिला मागे काचा घासायला बसवलं. आठ महिन्यांत तिचे कपडे तिला ढगळ झाले. मैत्रिणी यायच्या बंद झाल्या. तिच्या खोलीचा दिवा उशिरापर्यंत जळायचा, आणि तो आपल्या खोलीत पडून त्या उजेडाची फट बघत राहायचा. ती कशानं झुरतेय ते त्याला कळत होतं. आपल्या एका वाक्यानं झालंय हेही कळत होतं. पण ते वाक्य मागे घ्यायचं तर दुसरं एक बोलावं लागणार होतं, आणि ते त्याच्या घशाखालून वर येत नव्हतं.

मग कंपनीनं जुनं नेटवर्क बंद करायचं काढलं. महिनाअखेरीला जुने खांब मुके होणार, त्याआधी कुठे काय चालू आहे याची शेवटची मोजणी करायची. बायकोचं यंत्र त्याच जुन्या नेटवर्कवर चालणारं. तेही मुकं होणार होतं. रेंजवाल्याच्या हातात जी यादी पडली तिच्यात चौदाव्या क्रमांकावर तो दवाखाना होता. गाडी चालवणारा नेमका रजेवर. लेक म्हणाली, "मी चालवते."

"तुला तिथे..."

"चालवते म्हटलं ना."

दवाखान्याच्या आवारात झाडाखाली तिनं गाडी लावली. इमारतीच्या आत मोजायचं तर हातात मोजणीचा फोन धरून पायी फिरावं लागतं. ती म्हणाली, "मी इथेच बसते." तो एकटा निघाला.

आयुष्यभर या माणसाला रेंज सापडली की आनंद व्हायचा. त्या दिवशी पहिल्यांदा त्याला ती नको होती. तळघरात रेंज नसू दे, एवढंच तो मनात म्हणत होता. नसली तर पान पोचत नव्हतं. पान पोचत नव्हतं तर त्याला कळायचा प्रश्नच नव्हता. मग तो नुसता एक अडाणी नवरा ठरत होता, आणि अडाणीपणाला कुणी फाशी देत नाही.

फाटकाशी उणे बहात्तर. उतरणीवर उणे पंच्याऐंशी. जिन्याच्या वळणावर उणे अठ्ठ्याण्णव, मग उणे एकशे चार. त्याची पावलं हलकी झाली. अजून दहा पायऱ्या, अजून एक दार. त्यानं दार ढकललं.

उणे अडुसष्ट.

त्यानं मोजणीचा फोन बंद करून पुन्हा चालू केला. उणे अडुसष्ट. भिंतीशी गेला, कोपऱ्यात गेला, बायको होती त्या सहा नंबरच्या खाटेजवळ गेला. खाटेवर आता दुसरीच कुणी म्हातारी डोळे मिटून पडली होती. उणे सदुसष्ट.

"काय शोधताय?" शिडीवर चढून दिवा बदलणाऱ्या वायरमननं वरून विचारलं. दवाखान्याचाच माणूस, बोलका.

"रेंज."

"मग सापडली की! ते बघा." त्यानं छताकडे बोट केलं. बशीएवढा पांढरा अँटेना होता. "आधी इथे चिटपाखरू बोलत नव्हतं हो. तुमच्यासारखाच कंपनीतला कुणी मोजून गेला आणि त्यानं लिहिलं म्हणे, इथे आत अँटेना बसवा, पेशंटचे हाल होतात. तेव्हा बसवला. कोण भला माणूस होता कुणास ठाऊक. आता वॉर्डात फोनला बंदी आहे ती आहेच, पण आमची यंत्रं तरी चालतात."

अँटेनाच्या कडेला चिकटवलेल्या कागदावर बसवल्याची तारीख होती. वायरमननं ती वाचून दाखवली. बायको दाखल झाली त्याच्या पाच महिने आधीची. भला माणूस मान वर करून ऐकत होता. अहवालातलं ते वाक्य त्याला शब्दन् शब्द आठवत होतं. बसवल्याचं त्याला कुणी कळवलं नव्हतं, आणि त्यानंही कधी विचारलं नव्हतं.

म्हणजे रोज संध्याकाळी ते पान इथून निघून त्याच्यापर्यंत पोचत होतं. दोनशे बारा, दोनशे बारा, दोनशे बारा. ती वाचत नव्हती, हे ते यंत्र त्याला अकरा वेळा सांगत होतं. झोपलेल्याला जागं करता येतं. सोंग घेतलेल्याला कोण करणार?

जिना चढून वर येईपर्यंत त्यानं ठरवलं होतं. रेंज नव्हती म्हणून सांगायचं. जुनं नेटवर्क बंद होणारच आहे, यादीतला चौदावा आकडा कोण तपासायला बसलंय? मेलेलं माणूस परत येत नाही. आपण तरी जगायला नको का?

गाडीत लेक दोन्ही हात चाकावर ठेवून बसली होती, जशी काही गाडी चालूच आहे. तो शेजारी बसला. तिनं समोर बघतच विचारलं, "होती का रेंज?"

त्यानं तोंड उघडलं. तेवढ्यात तीच म्हणाली, "आधी मला सांगू दे. नाहीतर राहून जाईल." आणि ती सांगू लागली. "आईनं माझ्याकडून शब्द घेतला होता, तुम्हाला सांगायचं नाही म्हणून. दुसऱ्याच दिवशी तिला यंत्र हातात धरवेना. मग तिसऱ्या दिवशी मला म्हणाली, रोज वीसेक पानं तू पुढे सरकवत जा. ते बघत असतात. पान हललं नाही तर त्यांच्या जिवाला घोर लागेल."

तिनं चाकावरचे हात काढून मांडीवर ठेवले.

"फोनवर मी खोटं बोलले, बाबा. तिनं सांगितलं तसं बोलले. पण पानं नाही सरकवली. तिला म्हटलं, सरकवली. मला वाटलं, माझा शब्दही मोडणार नाही आणि तुम्हाला कळेल. बाबांना कळेलच म्हटलं. रोज वाटायचं, आज निघाले असतील. दारावर कुणाचं पाऊल वाजलं की वाटायचं, आले." तिचा आवाज फाटला. "मग तुम्ही नाही आलात. मला वाटलं, खाली रेंजच नसणार. मी मूर्खासारखी पानाच्या भरवशावर बसले आणि तोंडानं काही बोलले नाही. एकदा बोलले असते तर आई तुमचा हात धरून गेली असती. शेवटी दाराकडे बघत होती ती."

आवारातून एक रुग्णवाहिका हळू बाहेर गेली. 'नव्हती रेंज' हे दोन शब्द त्याच्या जिभेवर तयार होते. ते बोलला असता तर तो सुटत होता आणि पोरगी जन्माची अडकत होती. आठ महिने त्यानं तिला झुरताना बघितलं होतं. आज पहिल्यांदा त्याला स्वतःची किळस आली, आणि मग ते वाक्य घशातून वर आलं.

"रेंज होती," तो म्हणाला. "चांगली होती. उणे अडुसष्ट. अँटेना आधीपासूनच होता. तुझं पान मला रोज दिसत होतं."

ती त्याच्याकडे वळली.

"पहिल्या दिवसापासून दिसत होतं. दोनशे बाराच्या पुढे गेलं नाही ते. तू काही लपवलं नव्हतंस, बाळा. तू सांगितलंस आणि ते पोचलं. मी म्हणालो ना तुला, खरं सांगितलं असतंस तर निघालो असतो? ते खोटं होतं. मला माहीत होतं."

"माहीत होतं?"

"हो."

"मग आला का नाहीत?"

हा प्रश्न आपल्याला कधीतरी कुणीतरी विचारणार हे त्याला माहीत होतं. उत्तरं त्यानं आठ महिन्यांत पुष्कळ घडवून ठेवली होती. काम होतं, नकाशा जुना होता, डॉक्टर चार दिवस म्हणाले होते. त्यातलं एकही त्यानं काढलं नाही.

"भ्यालो," तो म्हणाला. "येऊन बघायला भ्यालो. म्हणून रोज नकाशा काढून बघायचो."

तिनं गाडीचं दार उघडलं, बाहेर उतरली, गाडीला वळसा घालून त्याच्या बाजूला आली आणि त्याच्या खिडकीशी उभी राहून बोलायला लागली. आई कशी दाराकडे बघायची, कशी दर वेळी पदर सारखा करायची, सहा नंबरच्या खाटेशी एकटीनं बसून अकरा दिवस कसे काढले, आणि वर आठ महिने स्वतःला आईची मारेकरीण समजून कसं जगले, सगळं. तुम्हाला लाज कशी वाटली नाही, असंही म्हणाली. येणारीजाणारी माणसं थांबून बघत होती. तिला त्याची पर्वा नव्हती. आठ महिने तोंड दाबून रडणारी ती मुलगी आता भर आवारात मोठमोठ्यानं रडत होती आणि बापाला नाही नाही ते बोलत होती.

त्यानं काच वर केली नाही. ती बोलत राहिली आणि तो मान खाली घालून ऐकत राहिला.